'तपासले'च्या चौकटीतील दोन अक्षरे

घर बांधावयास काढले की नकाशा पाहण्याचा प्रसंग प्रत्येक गृहस्थावर येतो. तो मोठा कागद जमिनीवर पसरायचा, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या आणि स्वयंपाकघर कोठे, देवघर कोठे, हे बोटाने शोधायचे. त्या कागदाच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेथे एक लहानसा तक्ता असतो. त्यात इमारतीचे नाव, प्रमाण, तारीख आणि त्याखाली तीन चौकटी असतात. नकाशा कोणी काढला, कोणी तपासला आणि कोणी मंजूर केला, हे त्या तीन चौकटींत लिहावयाचे असते. मंजूर करणाऱ्याची सही लफ्फेदार असते, कारण कार्यालयाच्या पाटीवर नाव त्याचेच असते. उरलेल्या दोन चौकटींत केवळ दोन दोन अक्षरे असतात, आणि ती कोणाची हे घरात राहावयास जाणाऱ्यांना जन्मभर ठाऊक नसते.

या महिन्याचे सदर आम्ही त्यांपैकी मधल्या चौकटीसाठी लिहीत आहो. बडोद्यातील आमच्या वास्तुशिल्प कार्यालयात चाळीस वर्षे त्या चौकटीत ज्यांची अक्षरे पडत होती, ते आमचे नाना वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. कार्यालयातील साहेबांपासून पाणी भरणाऱ्या गड्यापर्यंत सारे त्यांना नानाच म्हणत, म्हणून येथेही आम्ही तेवढेच म्हणतो. त्यांचे काही देणे आमच्याकडे राहून गेले आहे. ते आता फेडता येण्यासारखे नाही. निदान कबूल तरी करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाना १९५४ साली कार्यालयात आले, ते साधे नकाशेकार म्हणून. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि त्यावर नकाशेकामाचा एक अभ्यासक्रम. वडील गायकवाड सरकारच्या नोकरीत कारकून होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनाच्या गोष्टी त्यांनी वडिलांकडून ऐकल्या होत्या. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, हे सांगताना नानांचा आवाज असा चढे की, जणू फाळके आणि ते एकाच बाकावर बसत होते. आमच्या वेळेपर्यंत नाना मुख्य नकाशेकार झाले होते. पण १९७२ सालच्या कायद्याप्रमाणे परिषदेच्या नोंदवहीत ज्यांचे नाव आहे, त्यांनाच स्वतःस आर्किटेक्ट म्हणवून घेता येते. नानांचे नाव त्या वहीत नव्हते. घर कसे उभे राहते हे कार्यालयात त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते, आणि तरीही त्यांच्या नावापुढे लावण्यास शब्द नव्हता. याची खंत त्यांनी बोलून दाखविल्याचे आम्हांस स्मरत नाही.

१९७८ साली आम्ही पदवी घेऊन कार्यालयात रुजू झालो. वय बावीस. डोक्यात अहमदाबादचे दोशी, त्यांनी आमच्याच बडोद्यात खत कारखान्यासाठी बांधलेली वसाहत आणि कॉर्बुझिएच्या इमारतींची छायाचित्रे. आपणांस पहिल्याच आठवड्यात एखादे नाट्यगृह काढावयास मिळेल, अशी आमची समजूत होती. नानांनी आमच्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक रेघ ओढावयास सांगितली. आम्ही ओढली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती पाहिली आणि म्हणाले, "सुरुवातीला केस आहे आणि शेवटी दोरखंड आहे. पेन्सिल बोटांत फिरवीत ओढ, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही." असा महिना गेला. रेघा, अक्षरे, आकडे. पेन्सिलीला पात्याने टोक काढून ते काचकागदावर घासणे. ट्रेसिंगवर शाई सांडली तर अर्ध्या ब्लेडने ती हलकेच खरवडणे आणि मग त्या जागी नख घासून कागद पुन्हा गुळगुळीत करणे. पावसाळ्यात ट्रेसिंगचा कागद हवेतील ओल पिऊन फुगतो, म्हणून त्या दिवसांत मोजपट्टी लावून माप न घेता लिहिलेला आकडाच खरा मानावयाचा. या सगळ्याचा आम्हांस तेव्हा मनस्वी कंटाळा आला होता. अमोनियाच्या यंत्रातून निघालेल्या नकाशांच्या उग्र वासाने डोळ्यांना पाणी येई, त्यात थोडे पाणी निराशेचेही असे.

नाना एकदा म्हणाले, "तू रेघ ओढतोस तेथे उद्या कोणी कडिया वीट ठेवणार आहे. तो तुला विचारावयास येणार नाही. तू लिहिले ते तो मानणार." गवंड्याला आमच्याकडे गुजरातीच्या संगतीने कडिया म्हणतात, हे वाचकांस सांगावयास नको. त्या कडियांशी नाना गुजराती बोलत, साहेबांशी मराठी, आणि स्वतःच्या खिशातील वहीशी मोडी. कामावरची सारी मापे ते मोडीत टिपून ठेवीत. कंत्राटदारांना ती वाचता येत नसे, आणि त्यामुळे त्यांच्यावर त्या वहीचा मोठा वचक होता.

घर काढण्यापूर्वी नाना घरमालकापेक्षा घरातील बायकांशी अधिक बोलत. दुपारी धान्य निवडावयास कोठे बसता, पापड कोठे वाळवता, सासूबाईंना जिना चढवतो का, पाहुण्यांसमोरून न जाता न्हाणीघरात जाता येते का, असे त्यांचे प्रश्न असत. मग वारा. बडोद्यात उन्हाळ्या-पावसाळ्यातील वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा झोपावयाच्या खोलीची एक खिडकी तिकडे हवीच. मग ऊन. आपले शहर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, त्यामुळे जूनच्या २१ तारखेस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरच्या त्याच तारखेस तो ४४ अंशांच्या आसपासच चढतो. "म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाक," नाना सांगत, "म्हणजे उन्हाळ्यात ऊन आत येणार नाही, आणि हिवाळ्यात खिडकीच्या वरच्या दोन फुटांवर सावली पडून खालून ऊन आजोबांच्या पायांवर येईल. पश्चिमेला मात्र छज्ज्याची मात्रा चालत नाही. तिकडचे ऊन आडवे येते. तेथे पडवी दे, नाहीतर कडुनिंब लाव." आणि सर्वांत शेवटी झोपाळा. बडोद्याचे घर, मग ते मराठी असो वा गुजराती, झोपाळ्यावाचून पुरे होत नाही. पण त्याच्या कड्या स्लॅब ओतण्यापूर्वीच सळ्यांत अडकवाव्या लागतात. आमच्या कार्यालयाच्या एकाही घराला मागाहून स्लॅब फोडून कड्या बसवाव्या लागल्या नाहीत, याचा नानांना अभिमान होता.

रविवारी सकाळी ते आम्हां तरुण मंडळींना गावातील इमारती दाखवावयास नेत. एकदा लक्ष्मीविलास राजवाड्यासमोर उभे राहून त्यांनी मेजर मँट यांची हकीकत सांगितली. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे शिल्पकारही तेच. बडोद्याचे काम चालू असतानाच १८८१ साली त्यांचा अंत झाला आणि पुढे चिझम यांनी ते १८९० साली पुरे केले. आपली गणिते चुकली आहेत, हा वाडा कोसळणार, या भीतीने मँटसाहेबांचे मन ढासळले, अशी आख्यायिका बडोद्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आम्ही हसलो, कारण वाडा समोर ठणठणीत उभा होता. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "भीती वाटली यात चूक नाही. न भिणाऱ्याने हा धंदा करू नये. पण एवढी भीती एकट्याने बाळगावयाची नसते. शेजारी बसून कागद पाहणारा आणि 'पाहिले हो, ठीक आहे' म्हणणारा एक मनुष्य लागतो. ती मधली चौकट त्यासाठी आहे."

हे शब्द आम्ही ऐकले, पण ते समजण्यास १९८१ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी विश्वामित्रीपलीकडे एका गृहस्थांचा दुमजली बंगला चालू होता. त्याचा जिना आम्ही काढला होता. वाचकांस थोडे गणित सोसावे लागेल. मजल्याची उंची दहा फूट, तेव्हा सहा इंचांच्या वीस पायऱ्या. दोन चढ आणि एक पावठा मिळून चोवीस इंच असावेत, म्हणजे चढताना दम लागत नाही, हा जुना नियम. त्याप्रमाणे पावठा बारा इंचांचा. चौदा पायऱ्या चढल्यावर सात फुटांवर वळणाचा चौथरा, आणि त्याच्याखालून परसदारी जाण्याची वाट. चौथऱ्याची स्लॅब पाच इंचांची. म्हणजे खाली साडेसहा फुटांहून थोडी अधिक उंची मोकळी राहते, असा आमचा हिशेब. स्लॅबखाली तुळई येणार होती, आणि ती स्लॅबसकट चौदा इंच होती, हे आम्ही विसरलो. जिन्याचा छेद आम्ही नेमका तुळई टाळून घेतला होता. नकाशावर सारे सुंदर दिसत होते. त्या आठवड्यात नानांकडे तीन कामांचे कागद एकदम आले होते. त्यांनी पाहिले आणि आपली दोन अक्षरे घातली.

सेंट्रिंग उतरल्यावर मालक पाहावयास आले. ते सहा फूट उंच होते आणि मोकळी उंची उरली होती पाच फूट दहा इंच. परसदारी जाताना त्यांच्या कपाळाला जी खोक पडली, ती घेऊनच ते तडक कार्यालयात आले.

साहेबांच्या खोलीत आम्हां दोघांना बोलाविले. टेबलावर नकाशा पसरलेला होता. 'काढले'च्या चौकटीत आमची अक्षरे, 'तपासले'च्या चौकटीत नानांची. साहेबांनी विचारले, "हे कसे झाले?" आम्ही तोंड उघडण्याच्या बेतात होतो, असे पुढे कित्येक वर्षे आम्ही स्वतःस सांगत आलो. खरे तर आमची जीभ टाळ्याला चिकटली होती. नाना शांतपणे म्हणाले, "तपासून सही मी केली आहे. चूक माझी आहे. घर बिघडू देणार नाही, आठ दिवस द्या." मालक पुष्कळ बोलले. साहेबही बोलले. मॅट्रिक झालेल्या माणसावर विसंबून राहिल्याचा पश्चात्ताप होतो, असेही एक वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेले. पदवीधर मनुष्य शेजारी खाली मान घालून उभा होता.

बाहेर आल्यावर आम्ही म्हटले, "नाना, आत जाऊन मी खरे काय ते सांगतो." ते म्हणाले, "त्याने तुळई वर जाणार आहे काय? रविवारी सकाळी सातला कामावर ये. ओळंबा आणि पाणसळ घेऊन ये."

रविवारी आम्ही दोघेच होतो. नानांनी घडीची लाकडी पट्टी उलगडली, पुन्हा पुन्हा मापे घेतली, आणि मग परसदारी जाऊन जमिनीकडे पाहत राहिले. घराचे जोते दोन फुटांचे होते. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "तुळई उचलता येत नाही, मनुष्य बुटका करता येत नाही, वाट खाली नेता येते." चौथऱ्याखालची जमीन दोन पायऱ्यांनी, म्हणजे एक फुटाने खाली घ्यावयाची, परसदाराचा उंबरठाही तेवढाच खाली जाईल आणि जोत्यातला एक फूट तरीही शिल्लक राहील. मोकळी उंची सहा फूट दहा इंच. तेथल्या तेथे त्यांनी आमच्याकडून छेद काढवून घेतला, या वेळी तुळईतून. काढून झाल्यावर तो हातात घेऊन ते एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले आणि प्रत्येक आकड्याला आमच्याकडून होकार घेऊ लागले. तपासावे कसे, हे आम्ही त्या सकाळी शिकलो. स्वतःच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही, कारण डोळे कागद न पाहता मनातले पाहतात. म्हणून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्या कोणाला तरी ऐकू द्यावे.

तो बंगला आजही आहे. त्या दोन पायऱ्यांवर घरातील आजी शेंगा सोलीत बसत, पुढे नातवंडे अभ्यासाला बसू लागली. घरातला सर्वांत थंड कोपरा तोच ठरला. मालकांनी पुढे आपल्या भावाचे घरही आमच्याच कार्यालयाकडे दिले, आणि तशाच दोन पायऱ्या मागितल्या.

वर्षे गेली. आम्ही कार्यालयात भागीदार झालो आणि पाटीवर आमचे नाव लागले. नाना १९९४ साली निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणे झाली. आम्हीही बोललो, 'अनुभवाची खाण' वगैरे शब्द वापरले, परंतु जिन्याविषयी बोललो नाही. सभेत तो विषय कशास काढावा, असे वाटले. त्या सुमारास कार्यालयात पहिला संगणक आला होता. नानांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले आणि विचारले, "याच्यात ती मधली चौकट आहे ना? मग हरकत नाही."

२००१ सालच्या प्रजासत्ताकदिनी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छचा भूकंप झाला. बडोदेही हादरले. अहमदाबादेत कित्येक इमारती कोसळल्या. त्यांत तळमजला मोटारींसाठी मोकळा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या पुष्कळ होत्या. तिसऱ्या दिवशी एका जुन्या अशिलाचा आम्हांस फोन आला : "तुमचे एक वृद्ध गृहस्थ आमच्या जिन्याखाली बॅटरी घेऊन भिंती पाहताहेत. तुम्हीच पाठविले काय?" आम्ही पाठविले नव्हते. सत्तरीला टेकलेले नाना आपली मोडी वही घेऊन, रिक्षाने आणि पायी, जुन्या घरांमागून घरे पाहत फिरत होते. तडा गिलाव्याचा आहे की भिंतीचा, खांब आणि तुळईच्या सांध्याला काही झाले आहे काय, हे पाहावयाचे, शंका आली तेथे स्थापत्य अभियंत्याला बोलवा म्हणून बजावयाचे आणि चहा न घेता पुढे जावयाचे. आम्ही रागावून म्हटले, "नाना, आता तुमची ही जबाबदारी नाही." ते म्हणाले, "सही पुसली गेली का रे?" त्यानंतरचे पाच दिवस आम्ही त्यांच्याबरोबर फिरलो.

यंदा ते गेले. तेराव्याच्या दिवशी दांडिया बाजारातील त्यांच्या घरी जुनी मंडळी जमली होती. आमचे वृद्ध हिशेबनीस शेजारी बसले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "त्या बंगल्याच्या जोत्याची फोडतोड झाली, तिचा खर्च साहेबांनी नानांच्या दिवाळीच्या बोनसातून कापला होता. पाकीट मीच भरले होते. निम्मेदेखील उरले नव्हते. कोणाला सांगू नका, असे नानांनी मला बजावले होते." त्याच दिवाळीत आम्हांला मिळालेल्या पूर्ण पाकिटातून आम्ही एक कॅमेरा घेतला होता, हे आम्हांस लख्ख आठवले.

आम्ही उठून नानांच्या धाकट्या लेकीकडे गेलो आणि त्रेचाळीस वर्षांपूर्वी जे सांगावयाचे होते ते तिला सांगितले. जिना आम्ही काढला होता, चूक आमची होती, आम्ही गप्प राहिलो. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घरी नानांनी यातले अक्षरही सांगितले नाही, काका. मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या दिवाळीला मला रेशमी परकर-पोलके मिळावयाचे होते, कापडही पाहून ठेवले होते. ते आले नाही आणि मी खूप रडले, एवढे आठवते. आज कळले का ते." असे म्हणून ती हसली आणि आत जाऊन आमच्यासाठी पाणी घेऊन आली. आम्हांस ते पाणी गिळवेना.

या सदरातून आम्ही आजवर मोठमोठ्या वास्तूंविषयी आणि त्या उभारणाऱ्या थोरांविषयी लिहीत आलो. वाचकांनी त्यांची नावे पाटीवर वाचावीत, ती खरीच आहेत. आमचे नावही पाटीवर आहे आणि ते खोटे नाही. परंतु त्या नावाला जे काही वजन आले, ते एका मनुष्याने मधल्या चौकटीत उभे राहून आमच्या वाट्याची भीती आणि आमच्या वाट्याची लाज स्वतःवर घेतली म्हणून आले. तो ऐकत होता तेव्हा आम्ही हे बोललो नाही.

तुमच्या घरी जुना नकाशा असेल तर एकदा ट्रंकेतून काढा आणि तो खालचा कोपरा पाहा. मधल्या चौकटीतील ती दोन अक्षरे कोणाची, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारा. तो मनुष्य हयात असेल, तर या दिवाळीस फराळाचे ताट घेऊन त्याच्याकडे जा. आमच्या कार्यालयात आता नकाशे संगणकावरच निघतात. ती चौकट तेथेही आहे. कोणा नव्या मुलाचा कागद समोर आला की आम्ही तो मोठ्याने वाचतो, त्याला ऐकावयास लावतो, आणि जिन्याशी आलो की थोडे थांबतो.